मी लिहिलेलं निरंक

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मी अकरा वर्षं आरोग्यसेविका होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्याला लागूनच कुणाची तरी केळी. माझं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे गावाची बोली मला परकी नव्हती. पण नोकरी लागल्यापासून मी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायची सवय लावून घेतली होती. बाया अहिराणीत विचारायच्या आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. त्यात थोडा मोठेपणा होता, हे तेव्हा कळत नव्हतं.

त्या गावात अक्का होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंच, आवाज खणखणीत. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की गाणी त्याच सांगायच्या आणि बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. गावात कुणाचं लग्न असो की कुणाचं बाळंतपण, आधी अक्कांना बोलावणं जायचं. मला त्या एकेरीच हाक मारायच्या. "बाई, ये वं, बस," असं म्हणून स्वतःच्या पाटावरून उठायच्या आणि तो माझ्याकडे सरकवायच्या.

एका वर्षी गावातली तीन माणसं पाठोपाठ गेली. तिघंही पन्नाशीच्या आतली. एकाला शेतात पाणी भरतानाच झटका आला. दुसऱ्याचा रक्तदाब किती होता हे त्याच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्याला साखर होती आणि तो गोळ्या अधूनमधून घ्यायचा. तिसऱ्याच्या दहाव्यानंतर ग्रामपंचायतीत सभा झाली. सरपंच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सांगा काय करायचं. गाव करेल."

मी सांगितलं तेच जे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. रोज चालायचं, तेल-मीठ कमी करायचं, तंबाखू सोडायची, महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून घ्यायचा. पुरुषांनी माना डोलावल्या. बायांच्या बाजूने कुणी काही बोललं नाही. सभा संपल्यावर अक्का मला म्हणाल्या, "आठे बाया रिकाम्या चालाले जातीन का? लोक हासतीन."

खरंच होतं ते. शेतात जायचं तर पाय चालतात, पण काम नसताना नुसतं चालायला कुणी निघत नव्हतं. मी दोन दिवस पहाटे पाझर तलावाच्या रस्त्यावर एकटीच उभी राहिले. तिसऱ्या दिवशी अक्का आल्या आणि त्यांच्यामागे नऊ बाया. प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी टोपली. कुणी विचारलंच तर शेण वेचायला चाललोय, असं सांगायचं ठरलं होतं. आठवडाभर त्या टोपल्या तलावापर्यंत गेल्या आणि रिकाम्याच परत आल्या. मग हळूहळू टोपल्या घरी राहायला लागल्या. दोन महिन्यांत तीस-चाळीस बाया रोज चालू लागल्या. मागाहून पुरुषही निघाले, पण बायांच्या मागे बरंच अंतर ठेवून.

शाळेच्या खिचडीतलं तेल अक्कांनी आधी कमी केलं आणि मुलांनी तक्रार केली तेव्हा त्यात शेंगदाण्याचा कूट वाढवला. लग्नाच्या पंगतीत शेवभाजीवरची तर्री निम्म्यावर आणायला त्यांनी आचाऱ्यांना भाग पाडलं. मी नुसती भाषणं करत होते. गाव हललं ते अक्कांमुळे.

तंबाखूचं काम मात्र अडलं. पुरुष पुडी खिशात ठेवून सभेत बसायचे. बायांमध्ये मिसरी होती. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना घासायची. घरोघरी डबी होती. अक्कांची डबी पितळेची होती. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा दाढ दुखायची म्हणून सासूने लावायला शिकवली. तेव्हापासून सुटली नव्हती.

मी त्यांच्या मागे लागले. "अक्का, तुम्ही सोडली तर गाव सोडेल," असं मी रोज म्हणायचे. त्या हसून टाळायच्या. शेवटी त्या वर्षीच्या होळीला आम्ही ठरवलं की होळीत तंबाखू जाळायची. संध्याकाळी सगळं गाव मारुतीच्या पारापुढे जमलं. मी माइकवर बोलले. मग अक्का पुढे आल्या, कनवटीची डबी काढली आणि होळीत टाकली. मग टाळ्या वाजल्या आणि एकामागून एक पुड्या, डब्या, चुन्याच्या ट्यूबा होळीत पडायला लागल्या. तालुक्याहून आलेल्या एकाने फोटो काढला. अक्कांचा हात, डबी आणि मागे जाळ. तो फोटो मोठा करून ग्रामपंचायतीच्या दारात लावला. खाली लिहिलं, 'आमचं गाव, तंबाखूमुक्त गाव'. ज्या घरात कुणी तंबाखू खात नाही त्याच्या दारावर हिरवा गोल काढायचं ठरलं. पहिला गोल अक्कांच्या दारावर मी स्वतः काढला.

मला तेव्हा फार आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

वैशाखात एक दिवस दुपारी अक्का उपकेंद्रावर आल्या. त्या वेळी शक्यतो कुणी येत नाही. ऊन इतकं असतं की ओट्यावर पाय ठेवणं कठीण. मी कागदपत्रं लावत बसले होते. पुढच्या महिन्यात जिल्ह्याचं पथक येणार होतं. निरोगी गावांची तपासणी करून त्यातून एक गाव निवडायचं होतं आणि आमच्या डॉक्टरांना खात्री होती की ते आमचंच असेल. ते दर दोन दिवसांनी फोन करून विचारायचे की नोंदी पूर्ण झाल्या का.

अक्का पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "बाई, एक सांगू का?"

"सांगा ना."

"मिसरी बिगर पोट साफ व्हत नही. दाढ बी ठनकस. रातभर डोया लागत नही."

मी हातातला कागद खाली ठेवला. त्या एवढंच बोलल्या होत्या, पण मला सगळं कळलं होतं. पुढचा प्रश्न सरळ होता: पुन्हा सुरू केली का? तो मी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर आलं असतं आणि उत्तर आल्यावर मला त्याचं काहीतरी करावं लागलं असतं. दारावरचा गोल पुसावा लागला असता, फोटो उतरवावा लागला असता, निदान मनात तरी.

मी म्हणाले, "अक्का, एवढा महिना कळ काढा. पथक येऊन जाऊ दे. मग बघू आपण. दाढेला गोळी देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं, माय," म्हणाल्या. गोळ्या घेतल्या, पदराने घाम पुसला आणि गेल्या.

पथक आलं. अक्कांनी त्यांच्यासमोर बायांना चालवून दाखवलं, गाणं म्हटलं. आमचं गाव निवडलं गेलं. तालुक्याला सत्कार झाला. सरपंच, डॉक्टर, मी आणि अक्का व्यासपीठावर होतो. अक्का नवं लुगडं नेसल्या होत्या. त्या दिवसानंतर 'मग बघू' हे माझ्या डोक्यातून निघूनच गेलं. त्यांनीही पुन्हा कधी विषय काढला नाही. गावाने ज्या बाईकडे बोट दाखवून दुसऱ्यांना लाजवायला सुरुवात केली होती, ती आपल्याबद्दल काय सांगणार? मी स्वतःच बायांना म्हणायचे, "अक्कांनी या वयात सोडली, तुम्हाला का जमत नाही?" असं म्हणताना त्या शेजारीच उभ्या असायच्या.

दिवाळीनंतर मराठी शाळेत तोंडाच्या तपासणीचं शिबिर झालं. तालुक्याहून दातांचे डॉक्टर आले होते. ज्यांना तंबाखूची सवय आहे त्यांना डॉक्टरांनी तपासायचं आणि ज्यांना नाही त्यांना मी बॅटरी लावून पाहायचं, अशी वाटणी केली होती. अक्का सकाळपासून रांग लावत होत्या. म्हाताऱ्यांना खुर्ची देत होत्या, पुढे घुसणाऱ्यांना मागे पाठवत होत्या. दुपारी दोनच्या सुमारास रांग संपली. मी फॉर्मचा गठ्ठा आवरायला घेतला तेव्हा लक्षात आलं की अक्कांचा राहिला आहे.

"अक्का, तुमचा फॉर्म," मी म्हणाले.

त्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी तोंडावर धरला होता. शाळेत धूळ होती, मला वाटलं म्हणून असेल. मी नाव लिहिलं, वय लिहिलं. 'सवय' या रकान्यात 'नाही' लिहिलं. शेवटचा रकाना होता तपासणीत काय आढळलं त्याचा. आमच्या सरकारी भाषेत काहीच आढळलं नाही तर 'निरंक' लिहितात. मी दिवसभरात तो शब्द शंभरेक वेळा लिहिला असेल. बॅटरी पिशवीत ठेवून झाली होती. मी वर न पाहता 'निरंक' लिहिलं आणि सही केली.

अक्का तशाच उभ्या होत्या. मी म्हणाले, "झालं अक्का, जा आता, जेवून घ्या." मग त्या गेल्या.

पुढच्या फाल्गुनात त्यांची सून उपकेंद्रावर आली. कमी बोलणारी, कामाला वाघ अशी बाई. म्हणाली, "सिस्टर, आत्या दोन महिन्यांपासून भाकरी दुधात कुस्करून खातात. तिखट बंद केलंय. विचारलं तर दाढ म्हणतात. पण तोंडाला वास येतो. तुम्ही एकदा या."

मी बॅटरी घेऊन गेले. अक्का मागच्या दारी बसल्या होत्या. या वेळी मी स्वतः पदर बाजूला केला. डाव्या गालाच्या आत, मागे दाढेपाशी, चट्टा होता, आणि तो आता चट्टा राहिला नव्हता, चिघळलेली जखम झाली होती. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. हिरड्यांवर मिसरीचा काळा थर ताजा होता. मी सुनेला सांगितलं, उद्याच जळगावला न्यायचं.

जळगावला तुकडा काढून तपासला. मग ऑपरेशन झालं. अर्धा गाल आणि खालच्या जबड्याचा भाग काढावा लागला, मग किरणांचा शेक. डॉक्टरांनी माझ्यासमोर सुनेला सांगितलं की चार-पाच महिने आधी आणलं असतं तर इतकं कापावं लागलं नसतं. ते सहज बोलले. मी बोटांवर महिने मोजले. दिवाळीनंतरचं शिबिर त्या हिशेबात अगदी बसत होतं.

शिबिराची कागदपत्रं उपकेंद्राच्या कपाटातच होती. मी गावात परतल्यावर अक्कांचा फॉर्म काढला. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. शेवटचा शब्द, खाली माझी सही. फाडावा असं मनात आलं. फाडला नाही, पण कुणाला दाखवलाही नाही. त्याच गठ्ठ्यात परत ठेवला.

अक्का घरी आल्या. पातळ पेज, दूध, वरणाचं पाणी यावर राहायला लागल्या. बोलणं फार अस्पष्ट झालं होतं. सुनेला मात्र सगळं समजायचं. श्रावणात कानबाई बसली तेव्हा त्या बायांच्या ओळीत बसल्या. गाणं दुसऱ्या एकीने सांगितलं. तिचं मध्येच चुकलं की सगळ्या अक्कांकडे पाहायच्या. त्या हाताने खूण करायच्या, पुढे चला. मी अर्ध्यातून उठून आले.

गावातलं चालणं मात्र थांबलं नाही. हेही सांगायला हवं. आज त्या गावात कितीतरी जण रक्तदाबाच्या गोळ्या नेमाने घेतात. ज्यांची साखर आवाक्यात आली असे आबा-नाना मला रस्त्यात थांबवून दुवा द्यायचे. मला त्यांच्या दुव्यांनी बरंही वाटायचं आणि पळून जावंसंही वाटायचं. ग्रामपंचायतीच्या दारातला तो फोटो सरपंचांनी एक दिवस न बोलता उतरवला. भिंतीवर चौकोन राहिला होता, नंतर रंग दिला.

माझी धुळे जिल्ह्यात बदली झाली तेव्हा अक्कांच्या ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. सून जवळच कपडे वाळत घालत होती. मी पाटावर बसले आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग एकदम म्हणाले, "अक्का, शिबिराच्या दिवशी मी तुमचं तोंड पाहिलंच नाही. न पाहता लिहिलं, काही नाही म्हणून."

त्यांचा हात डाळीत फिरत राहिला. मग त्या काही बोलल्या. मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"माले मालूम शे," त्या सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. "मी समोरच व्हती."

मी मान खाली घातली.

"मी वाट दखत व्हती," त्या म्हणाल्या, "तू म्हनशी, पदर काढ."

पुढे त्या आणखी बोलल्या, पण ते मला कळलं नाही. मी सुनेकडे पाहिलं. ती ओलं लुगडं हातात धरून उभी होती. म्हणाली, "आत्या म्हणतात, तू म्हणू नये असंही वाटत होतं. भ्या वाटत होतं. दोन्ही वाटत होतं."

मी माफी मागितली. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे. किंवा रागावतील. दोन्हीपैकी काही झालं नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "च्या पिशी ना?" सुनेने चहा केला. मी प्याले. अक्कांनी बशीत गार करून चमच्याने घेतला. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो कशासाठी होता, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही, आजही नाही.

त्या आणखी दीड वर्ष जगल्या. दुखणं परत उलटलं. मला सुनेचा फोन आला तो सगळं झाल्यावर. मी दहाव्याला धुळ्याहून एसटीने गेले. अमळनेरला गाडी बदलली, चोपड्याहून रिक्षा केली. घरात बाया भरल्या होत्या. कित्येक जणी माझ्या गळ्यात पडून रडल्या. "तुम्ही किती केलं सिस्टर अक्कांसाठी," एक जण म्हणाली. मी ते ऐकून घेतलं.

धुळ्याकडच्या नव्या गावातही असंच काम चालतं. बचत गटाच्या बैठकीत मी अक्कांची गोष्ट सांगते. एका बाईने मिसरी सोडली, पुन्हा लपून लावली, दुखणं अंगावर काढलं आणि गेली. बाया सुन्न होऊन ऐकतात. आमचे साहेबही म्हणतात, "ही गोष्ट चांगली आहे, सगळीकडे सांगत जा." पण त्या गोष्टीत मी नसते. वैशाखातली ती दुपार नसते, शिबिराचं टेबल नसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, चूक त्या बाईचीच होती. असं सांगून मी अक्कांना पुन्हा एकदा गावापुढे उभं करते, हे मला समजतं, आणि तरीही आजवर मी तशीच सांगत आले आहे.

दहाव्याच्या त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर सून मला मागच्या दारी घेऊन गेली. तिने इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, "सिस्टर, मी पण लावते. आत्यांचं बघूनही सुटली नाही. कमी केली आहे. तुम्ही त्या दिवशी आत्यांना खरं सांगितलं, म्हणून तुम्हाला सांगते. माझं तोंड बघा."

मी तिला काही उपदेश केला नाही. उन्हाकडे तोंड करून बसवलं, हात धुतले, मोबाइलची बॅटरी लावली आणि गाल, हिरड्या, जिभेखाली, टाळू, सगळं नीट पाहिलं. उजव्या बाजूला एक पांढुरका डाग होता, लहान. तिला चोपड्याच्या दातांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं ते लिहून दिलं. ती जाऊन आली. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते. मिसरी अजून पूर्ण सुटलेली नाही. फोनवर ती तसं सरळ सांगते आणि मी ऐकते.

तिचं तोंड तपासायला मला दोन मिनिटं लागली होती. अक्कांच्या वेळीही तेवढीच लागली असती.